खोड काढायची खोड



दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला म्हणून मंडळींनी उभं केलंय. आमचं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शेतातलंच बोलणार. विषय आहे दुसऱ्याच्या कामात सारखी खोड काढायच्या सवयीचा.

आम्ही शेतकरी माणसं. खुरपायला बसलं की तण दिसलंच पाहिजे, नाहीतर पीक दबतं. म्हणून दोष दिसणं वाईट नाही. पण पात धरल्यापासून बांधापर्यंत ज्याला तणच दिसतं, त्याच्या खुरप्याखाली रोपही जातं. बी आपण पेरलं, पण पाऊस कुणी पाडला, कोंब कुणी वर आणला, हे त्याला सुचतच नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. संतमेळ्यात काकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवलं. बाकीचे गप्प बसले, नामदेवरायांना राग आला. मडकं कच्चं ठरलं. नामदेवराय रुसून पंढरीला देवाकडे गेले. देवानं त्यांची बाजू घेतली नाही, औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथं गुरुकृपा झाली. आता बघा, कुंभार मडकं वाजवतो ते फोडायला नव्हे. कच्चं निघालं तर परत आव्यात घालायला. ही पारख. आणि नुसतं फोडायला वाजवणं, ही निंदा.

वारीतही हे चालतं. मुक्कामाला पोचलो की सुरू होतं. तंबू ओला, चहा पातळ, आमटीत मीठ जास्त, टाळकऱ्याचा ताल चुकला. खरंही असेल. पण त्या आमटीसाठी बायामाणसं पहाटे अंधारात उठली. दिवेघाटात ओळख ना पाळख अशा माणसानं तांब्याभर पाणी पुढं केलं. ह्यातलं आपल्या हक्काचं काय होतं? लायकी न बघता मिळतं तिलाच कृपा म्हणतात, आणि ती अशी माणसांच्या हातून येते.

आपण वाटेत भेटेल त्याच्या पाया पडतो, माउली म्हणतो. आधी त्याचे गुणदोष तपासत नाही. देवही आपल्याशी तसाच वागतो. तो खोड काढत बसला असता, तर आपल्यातलं कोण विटेपर्यंत पोचलं असतं?

म्हणून माउलीहो, शेतात, कारखान्यात, कचेरीत, जिथं काम असेल तिथं चूक सांगा. पण ज्याची त्याला सांगा, चौघांत नको. आणि सांगताना हातभार लावा. मीठ जास्त झालं म्हणणाऱ्यानं उद्या पहाटे चुलीपाशी यावं. दिंडी शंभर वर्षं चालली ती अशा चुलीपाशी येणाऱ्यांनी चालवली. रात्री हरिपाठ झाला की आज आपल्याला न मागता काय काय मिळालं, ते बोटांवर मोजून बघा. बोटं पुरायची नाहीत.

राम कृष्ण हरी.