लघुग्रहाची वाट



मालेगाव म्हटलें कीं आपणांपैकीं बहुतेकांस नाशिककडील मालेगाव आठवेल. मला आज ज्या मालेगावापासून आरंभ करावयाचा आहे तें वऱ्हाडांतलें, अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरचें तालुक्याचें गांव होय. त्याच्या नैर्ऋत्येस, सरळ रेषेनें मोजल्यास साठेक किलोमीटरांवर, लोणारचें सरोवर आहे. लवणासुराला विष्णूनें येथें मारिलें अशी कथा त्या मुलखांत सर्वतोमुखीं आहे, आणि दैत्यसूदनाचें सुंदर मंदिर त्या कथेची साक्ष म्हणून उभें आहे. खगोलशास्त्र जी कथा सांगतें तींतहि वरून कोणी तरी आलें आणि जमिनीला भगदाड पडलें, एवढा भाग समान आहे.

हा खड्डा सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशें मीटरांच्या आसपास खोल आहे. १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. पुढें पुष्कळांनीं त्यास ज्वालामुखीचें तोंड मानिलें, आणि त्यांत नवल नव्हतें; कारण भोंवतालचा सारा काळा पाषाण लाव्हारसाचाच आहे. परंतु तेथील खडकांत आणि वितळून कांच झालेल्या कणांत प्रचंड आघाताच्या खुणा सांपडल्या. १९७३ सालीं हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि आकाशांतून आलेल्या धोंड्यानेंच हें काम केलें, हें मत दृढ झालें. तो केव्हां आला याविषयीं मापनें एकमत नाहींत; एक सुमारें ५२,००० वर्षें सांगतें, तर दुसरें सुमारें ५,७०,०००. त्याची लांबीरुंदी साठ मीटरांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. मोठ्या वाड्याएवढ्या धोंड्यानें दीड-पावणेदोन किलोमीटरांचा खड्डा पाडिला, हें त्याच्या वेगाचें कर्तृत्व होय.

असे धोंडे येतात कोठून? मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांच्या दरम्यान लघुग्रहांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. चित्रांत तो दगडांनीं गच्च भरलेला दाखवितात. वस्तुतः तेथील सारे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचें वस्तुमान आपल्या चंद्राच्या शेंकडा तीन भागांच्या आसपासच भरतें. यांतले बहुतेक आपली वाट सोडीत नाहींत. परंतु ज्यास सूर्याभोंवतीं फिरण्यास चार वर्षांच्या जवळपास लागतात त्याची गोष्ट निराळी. गुरूस एका फेऱ्यास सुमारें बारा वर्षें लागतात. म्हणजे या लघुग्रहाच्या दर तिसऱ्या फेरीस गुरु त्याला त्याच ठिकाणीं ओढ देतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणीं झोका मिळत गेला म्हणजे तो उंच चढतो, तशी या लघुग्रहाची कक्षा लांबट होत जाते, आणि एखादे वेळीं पृथ्वीची वाट ओलांडूं लागते. पट्ट्यांतील त्या जागा जवळजवळ रित्या आहेत, ही गोष्ट किर्कवुड या अमेरिकन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांतच हेरली होती.

आतां वाट न सोडणाऱ्या एका लघुग्रहाचें उदाहरण घेऊं. ११ नोव्हेंबर २००६ रोजीं या पट्ट्यांत एक लहानसा ठिपका सांपडला. त्यास प्रथम '२००६ व्हीपी३२' ही तात्पुरती खूण मिळाली. 'व्ही' हें अक्षर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा दाखवितें, आणि पुढील अक्षर व आंकडा यांचा हिशेब केला तर त्या पंधरवड्यांतली ती ८१५ वी नोंद ठरते. पुढें त्याची कक्षा निश्चित झाली तेव्हां त्यास ३००१२८ हा कायमचा क्रमांक मिळाला, आणि २०१९ सालीं पंडित जसराज यांचें नांव. ज्यांनीं मुंबई ही आपली कर्मभूमि केली ते हे मेवाती घराण्याचे थोर गायक. क्रमांकांतले दोन-दोन अंक शेवटाकडून वाचले तर २८-०१-३० असें होतें. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा!

मालेगावच्या अंधाऱ्या रात्रींहि हा लघुग्रह आपल्या डोळ्यांस दिसणार नाहीं, घरगुती दुर्बिणींतूनहि नाहीं. मग तो ओळखतात कसा? आकाशाच्या एकाच भागाचीं थोड्या थोड्या अंतरानें छायाचित्रें घेतात. तारे जागच्या जागीं राहतात; जो ठिपका सरकला तो लघुग्रह. पण एकदां दिसला म्हणजे हातीं लागला असें नव्हे. १८०१ च्या पहिल्या दिवशीं पियाझीला सीरीस दिसला, आणि थोड्याच आठवड्यांत तो सूर्याच्या प्रकाशांत दडला. तरुण गणिती गाउस यानें थोड्याशा वेधांवरून त्याची कक्षा काढिली, तेव्हां वर्षअखेरीस तो पुन्हां सांपडला. आजहि नियम तोच आहे: आधीं वाट, मग क्रमांक, आणि नांव सर्वांच्या शेवटीं.

या क्रमाचें महत्त्व दोन घटनांवरून ध्यानीं येईल. ६ ऑक्टोबर २००८ रोजीं ॲरिझोनांतील माउंट लेमन येथून सुमारें चार मीटरांचा एक धोंडा दिसला. त्याची वाट तत्काळ गणितानें काढण्यांत आली, आणि वीस तासांच्या आंत तो सांगितल्याप्रमाणें सुदानच्या वाळवंटावर येऊन फुटला. याच्या उलट, १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरांचा धोंडा फुटला, तो सूर्याच्या दिशेनें आल्यामुळें कोणालाच आधीं दिसला नव्हता. हजाराहून अधिक माणसें जखमी झालीं, तीं बहुतेक खिडक्यांच्या फुटलेल्या कांचांनीं. पुढें २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेचें डार्ट यान डायमॉर्फस या सुमारें १६० मीटरांच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यांत आलें. हा आपल्याहून मोठ्या जोडीदाराभोंवतीं फिरतो. त्या फेरीचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. तेव्हां धोंड्याची वाट बदलतां येते. मात्र ती आधीं ठाऊक असली पाहिजे.

लोणारला आलेल्या पाहुण्यास क्रमांक नव्हता, कारण त्याची वाट पाहणारा कोणी नव्हता. पंडितजींच्या लघुग्रहाचें नांव हा एका गायकाचा गौरव आहे. परंतु आपणां पृथ्वीवासीयांस निर्धास्त करणारी गोष्ट आहे ती त्या नांवाआधींचा क्रमांक. असे क्रमांक वाढविण्यास फार मोठी सामग्री प्रत्येकाच्या घरीं असावी लागत नाहीं. दूरच्या दुर्बिणींनीं घेतलेलीं छायाचित्रें संगणकावर तपासून सरकते ठिपके शोधण्याचें काम आपल्या देशांतील कित्येक विद्यार्थी आज करीत आहेत. मालेगावच्या शाळेंतील मुलांस तर त्याचें कारण कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर तें कारण पाण्यानें भरलेलें त्यांच्यापुढें आहे.