जुन्या जीपची नवी चासी



जुन्या जीपला नवी चासी कशी निवडावी, हा आजचा विषय आहे. वसंतातल्या व्याख्यानांना संतवाङ्मय आणि इतिहास ऐकायला येणाऱ्या मंडळींना तो जरा तेलकट वाटेल. पण मार्केट यार्डापासून सातारा रस्त्यापर्यंतच्या आपल्या भागात गाडीखाली पाठीवर पडून ज्यांचा दिवस जातो अशी माणसे थोडी नाहीत. आणि हौसेने जुनी जीप घेऊन त्यांच्या दारी जाणारेही पुष्कळ आहेत. या दोघांत जिच्यावरून हमखास वाजते ती वस्तू म्हणजे चासी. मी इंजिनियर नव्हे. वेल्डर आणि फिटर यांच्या संघटनेचे काम करताना जे डोळ्यांनी पाहिले आणि रात्री पुस्तकांत ताडून घेतले, तेवढ्यावरच बोलणार आहे.

प्रथम एक घोळ दूर करू. चासी बदलायची तर ती मुळात वेगळी असावी लागते. प्रीमियर पद्मिनीला किंवा अँबेसिडरला अशी सुटी, पुढच्या बंपरापासून मागच्यापर्यंत जाणारी चासी नाहीच. तिथे पत्र्याचे सगळे अंग मिळून भार पेलते. त्या गाडीखाली अखंड चौकट घालून देतो असे कोणी म्हणाला, तर तो दुरुस्ती करीत नसून दुसरीच गाडी घडवीत आहे असे समजावे. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डची चासी निराळी होती. आणि जीप तर सगळी चासीवरच उभी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी डिस्पोजलमधून जीपा लोकांच्या हाती आल्या; पुढे विलीसचा १९५३ सालचा सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना महिंद्रांनी परवान्याने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवला. मामलेदाराची जीप, साखर कारखान्याची जीप, निवडणुकीची जीप, सगळ्या याच घराण्यातल्या.

या गाड्यांची चासी कुजते ती ठरलेल्या जागी: मागच्या आडव्या पट्टीत, पाटे जिथे अडकवतात त्या कानांपाशी आणि बॉडीच्या बोल्टांखाली. चिखल आत शिरतो, पाणी आटत नाही, आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असता आतून पापुद्रे सुटतात. हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत वाजले तर लोखंड आहे, बद्द वाजले तर गंज.

कूज दोन-तीन जागीच असेल तर चासी बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढा भाग कापून नवा बसवावा. याला एक कारण कायद्याचे आहे. गाडीची ओळख चासीच्या नंबरात असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच बजावले. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी आणली. तिची अट अशी की, गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जिच्या वयाचा अभिमान, तिचीच चासी बदलून तो मान घालवण्याचा धोका आहे. तेव्हा संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी लेखी विचारावे आणि उत्तर हाती पडेपर्यंत जुनी चासी भंगारात घालू नये. नव्या चासीवर जुना नंबर ठोकून देतो म्हणणाऱ्याच्या दारात तर थांबूच नये. प्रकरण अंगाशी आले की गाडीचा मालक म्हणतो मिस्त्रीने केले, मिस्त्री म्हणतो वेल्डरने केले; आणि वेल्डरच्या खाली बोट दाखवायला कोणी उरत नाही.

असो. बदलणे भागच असेल तर काय पाहावे? ‘जीपची चासी’ एवढेच सांगून माल मागवू नये. सीजे-३बीच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर ८० इंच, एमएम ५४० चे ९१ इंच. हरयाणातल्या मंडी डबवालीला जीपा नव्याने बांधण्याचा मोठा धंदा चालतो. तिथून घ्या की पुण्यात बनवून घ्या, आपले माप आपण घेऊन जावे. पत्र्याची जाडी जुन्या चासीच्या निरोगी जागी व्हर्नियरने मोजावी, गंजलेल्या जागी नव्हे.

‘आमची चासी बंद पेटीची आहे, मूळपेक्षा मजबूत,’ ही विक्रेत्याची आवडती जाहिरात. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. कॅलेंडर गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची नळी घ्या आणि पिळून पाहा, पिळत नाही. आता तीच नळी ब्लेडने उभी चिरा, सहज पिळते. उघड्या पन्हळीची चासी या चिरलेल्या नळीसारखी असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले की ती थोडी पिळते, आणि त्यामुळे चारही चाके जमिनीला धरून राहतात. सगळी चासी बंद पेटीची केली की तो पीळ पाट्यांवर, कानांवर आणि जोडांवर जातो. आणि जोड कच्चा असेल तिथे चीर पडते. शर्यतीच्या गाडीला ताठ चासी हवी असेल. आपल्या जीपला मूळ चासी जिथे उघडी होती तिथे उघडी आणि जिथे बंद होती तिथे बंद अशीच हवी. आडव्या पट्ट्या तितक्याच, त्याच जागी. भोके पन्हळीच्या उभ्या अंगात असावीत, वरच्या-खालच्या ओठात नसावीत; कारण सर्वांत जास्त ताण आणि दाब त्या ओठांवर येतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येतो. चासी विकत घेण्यापूर्वी ती जिथे बनते तिथे जावे आणि दोन प्रश्न विचारावे. पहिला, जिग आहे का? म्हणजे सगळे भाग पक्के आवळून धरणारा लोखंडी साचा. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू फुगतो आणि निवताना आखडतो. धरून ठेवले नाही तर चासी केळ्यासारखी वाकते. दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही: वेल्डरला पैसे रोजावर मिळतात की नगावर? जोड थोडाथोडा, आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी करायचा असतो, आणि निवेपर्यंत चासी जिगमध्ये राहू द्यायची असते. नगावर पोट भरणाऱ्याला हा वेळ फुकट जातो. तो एका दमात लांब टाका मारतो, गरम चासी सोडवतो आणि दुसरी चढवतो. त्याला दोष कसा द्यावा? घासाघीस करून आपण जे दोन-चार हजार वाचवतो, ते बहुधा याच वेळातून कापलेले असतात.

जस्ताचा मुलामा हवा असेल तर तो सगळे वेल्डिंग संपल्यावर द्यावा. वितळलेल्या जस्ताचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियस असते. बंद पेटीला हवा जायला भोके नसतील तर ती त्यात फुटू शकते. मुलामा दिल्यावर ‘एवढा एक कान जोडून दे’ असे वेल्डरला सांगू नये. जस्ताच्या धुराने त्याला रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि हा ताप कुठल्याही बिलात येत नाही.

चासी हाती आली की सपाट फरशीवर टेकूंवर ठेवावी. पाट्यांच्या कानांतून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा कराव्या आणि आडवे-तिरके अंतर दोरीने नव्हे, पोलादी टेपने मोजावे. दोन्ही कर्णांत तीन-चार मिलिमीटरहून अधिक फरक निघाला तर चासी परत करावी. रंग कितीही चकचकीत असो. ते आकडे वहीत लिहून ठेवावे.

गाडी जुळली की चार माणसे बसवून जुन्या कात्रज घाटातून एकदा वर-खाली करावी. पाचशे किलोमीटर झाल्यावर बॉडीचे बोल्ट पुन्हा आवळावे, कर्ण पुन्हा मोजून वहीशी ताडावे आणि कानांजवळचे जोड दिव्याखाली पाहावे. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर तिथला रंग खरवडावा. खाली धातू अखंड असेल तर रंग लावून मोकळे व्हा. धातूतही रेघ असेल तर गाडी तिथेच उभी करावी आणि ज्या वेल्डरने तो जोड केला त्यालाच बोलावून दाखवावी, दुकानदाराला मागाहून.