भाडेकरूची भांडीकुंडी



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा येथे विद्वत्ता सांगणार नाही. आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या एका सभासद बाईंच्या भाड्याच्या खोलीत छातीइतके पाणी शिरले. शिलाई यंत्र, कपाट, मुलांची पुस्तके, सारे चिखलात गेले. इमारतीचा विमा उतरलेला आहे हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही छातीठोकपणे सांगितले, "घाबरू नका बाई, भरपाई मिळेल." मिळाली ती मालकाला, इमारतीच्या दुरुस्तीची. यंत्राचा एक पैसाही आला नाही.

यात कोणी लबाडी केली नव्हती. भिंती मालकाच्या, म्हणून त्यांचा विमा मालकाचा. भांडीकुंडी भाडेकरूची, तिचा विमा भाडेकरूनेच उतरवला पाहिजे. नियम सरळ होता, अडाणी आम्ही होतो.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी ठेवावी लागते. तीत भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो. आग, पूर, वादळ, भूकंप यांत सामान गेले, तर उतरवलेल्या रकमेच्या मर्यादेत नवी वस्तू घेण्याच्या खर्चाने भरपाई धरतात. मात्र रोकड यात येत नाही. दागिने वेगळे नोंदवावे लागतात. चोरी धरतात ती अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांतली. एरवीच्या घरफोडीचा विमा निराळा.

कोणी म्हणेल, "गरिबाच्या घरात विमा उतरवण्याजोगे आहे काय?" बंधूंनो, महागाई भत्त्याच्या एकेका रुपयासाठी आम्ही फाटकावर महिना महिना बसलो. त्याच रुपयांचे घरात जे उभे राहिले, त्याचा हिशेब मात्र कधी मांडला नाही!

आज घरी गेल्यावर कागद घ्या. पंखा, शेगडी, गादी, एकेक वस्तू आजच्या किमतीसह लिहा. बेरीज पाहून तुम्हीच चकित व्हाल. त्या यादीची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे ठेवा. घराबरोबर यादीही वाहून गेली तर उपयोग काय? मग विम्याच्या कचेरीत एकेकट्याने जाऊ नका, चाळीतले दहाजण मिळून जा, आणि सही करण्यापूर्वी काय मिळत नाही ते आधी विचारा.

त्या बाईंनी दुसरे यंत्र हप्त्याने घेतले आणि तीन वर्षे ते फेडले. ते हप्ते आमच्या अज्ञानाचे होते. तुमच्यावर तशी पाळी न येवो, एवढेच मागून आपली रजा घेतो.