रेडिओ घ्यावा कसा, लावावा कसा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कालच्या व्याख्यानात ज्ञानेश्वरी होती आणि उद्या आयुर्वेद आहे. त्या दोहोंच्या मध्ये आमचा हा खोक्यातला विषय. आम्ही म्हणजे मंडळाच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी जमणारे पाच-सहा जण. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. तुमच्यासमोर बोलणारा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत वीस वर्षे काढलेला. लोकांचे जुने रेडिओ उघडायचे, जमले तर बोलते करायचे आणि चहा प्यायचा, एवढाच आमचा कार्यक्रम. या खोलीत सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच : "आता शॉर्टवेव्हचा रेडिओ घेण्यात काही अर्थ आहे का? आणि घ्यायचा तर कोणता?" त्याचे उत्तर आज एकदाच सर्वांना देऊन टाकतो.

आधी आपल्या बेळगावचा या विषयाशी असलेला संबंध सांगतो, कारण तो नव्या पिढीला ठाऊक नाही. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना १९५५ च्या नोव्हेंबरात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सहकाऱ्यांसह एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. पोर्तुगीज सरकार जे दडपत होते ते कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोव्यातल्या घराघरांत पोचवायचे, हे त्याचे काम. सुरुवात आंबोलीच्या जंगलात झाली, मग केंद्र कॅसलरॉककडे हलले आणि पुढे आपल्या बेळगावातून चालले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ते बंद पडले नाही. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या खोलीत पेढे वाटले होते. सांगायचा मुद्दा हा की लहरींना सीमा कळत नाही आणि चौकीवर त्यांना कुणी अडवू शकत नाही. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता शॉर्टवेव्ह म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण लघुलहरी म्हणतो. रेडिओच्या काट्याखाली कधी मीटर लिहिलेले असतात, कधी मेगाहर्ट्झ, आणि माणूस गोंधळतो. हिशेब सोपा आहे. ३०० ला मीटरने भागा, मेगाहर्ट्झ मिळतात. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. तो आकडा आजच्या डिजिटल रेडिओवरही तिथेच आहे. त्याच शेजारी ४१ मीटरचा पट्टा आहे. रेडिओ सिलोन आपण ऐकायचो तो याच ४१ मीटरवर आणि २५ मीटरवर. १९५२ पासून ते १९६२ पर्यंत माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते. त्यांना शास्त्रीय संगीत प्रिय आणि चित्रपटगीतांचे वावडे. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आटली, तेव्हा अवघा देश बुधवारी संध्याकाळी अमीन सयानींचे 'बिनाका गीतमाला' ऐकायला कोलंबोकडे वळला. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला.

कोलंबोचा आवाज इथे येतो कसा? पृथ्वीभोवतीच्या वरच्या हवेत सूर्यामुळे विजेचे भार असलेले थर तयार होतात. शॉर्टवेव्हची लहर अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या थरावर आपटून परत जमिनीकडे वळते, तिथून पुन्हा वर जाते आणि अशा उड्या मारत हजारो किलोमीटर कापते. दिवसा मात्र साठ ते नव्वद किलोमीटरच्या दरम्यान आणखी एक थर असतो. तो कमी मेगाहर्ट्झच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून नियम लक्षात ठेवा : दिवसा मोठा आकडा, रात्री लहान आकडा. भर दुपारी १५ ते १८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १९ आणि १६ मीटरचे पट्टे. दिवेलागणीनंतर ६ ते १० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४९, ४१, ३१ मीटर. पुष्कळ जण दुपारी बाराला ४९ मीटरवर काटा फिरवतात, खरखर ऐकतात आणि रेडिओ आमच्याकडे दुरुस्तीला आणतात. रेडिओला काही झालेले नसते.

आता कटू भाग. शॉर्टवेव्हवरची केंद्रे दरवर्षी कमी होत आहेत. १९४० साली सुरू झालेल्या बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबले. त्या फेब्रुवारीत एक आजोबा आमच्याकडे रेडिओ घेऊन आले. वय चौऱ्याऐंशी, मुलगा परदेशात, नजर अधू. म्हणाले, "अरे बाळांनो, पंधरा दिवस झाले, संध्याकाळच्या बातम्या लागत नाहीत. पट्टी बदलली, सेल बदलले." आम्ही सेट उघडला, तपासला, बंद केला. सेट उत्तम होता. त्यांना ते सांगणे जड गेले. ते थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "मग आता दुसरे काय लागते ते तरी दाखवा." त्या वाक्यापासून आमची खरी कामगिरी सुरू झाली, असे आम्ही मानतो.

तर मित्रहो, जुन्या आठवणी परत मिळतील म्हणून काही हजार रुपये घालू नका. त्या मिळणार नाहीत. तरीही रेडिओ घ्यावा याला आमच्या मते तीन कारणे आहेत. पहिले, बीबीसी इंग्रजी, चीन, जपान, रोमानिया, व्हिएतनाम अशा देशांची प्रसारणे आजही शॉर्टवेव्हवर आहेत. एकाच घटनेबद्दल चार देश काय म्हणतात ते ऐकण्याची सवय कुणालाही शहाणे करते. दुसरे, चांगल्या शॉर्टवेव्ह सेटची मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्हही चांगली असते. सांगली १२५१, पुणे ७९२, मुंबई ५५८ किलोहर्ट्झ हे आकडे आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना पाठ आहेत. शाळेची भाषा कोणतीही असो, घरात मराठी बातम्या, कीर्तन, शेतीचा सल्ला कानावर पडत राहिला तो याच आकड्यांवरून. रात्री मध्यम लहर दूर जाते, म्हणून इंदूर-बडोद्याकडच्या आपल्या नातेवाइकांनीही मुंबई अशीच पकडली. तिसरे कारण आपत्ती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम फुगल्या, ते दिवस आठवा. वीज गेली की मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते, आणि मग हातातला महागडा फोन विजेरी म्हणून उपयोगी पडतो. तीन पेन्सिल सेलवरचा रेडिओ त्या वेळी कित्येक दिवस बोलत राहतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी तो असलाच पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आता निवड. खोक्यावर 'वर्ल्ड रिसीव्हर' लिहिले आहे आणि एसडब्ल्यू १ ते एसडब्ल्यू ९ अशी बटणे आहेत, म्हणून भुलू नका. स्वस्त काट्याच्या सेटमध्ये प्रत्येक पट्टा बोटभर जागेत कोंबलेला असतो. नख लागले तरी केंद्र निसटते. शिवाय अशा काही सेटमध्ये एकच जोरकस केंद्र दोन ठिकाणी लागते, एकदा खऱ्या जागी आणि एकदा ९१० किलोहर्ट्झ बाजूला. पाहायच्या गोष्टी अशा :

आकड्यांत वारंवारता दाखवणारा पडदा हवा. अंकांची बटणे असतील तर उत्तम, ९.६ हवे तर सरळ दाबता येते. शॉर्टवेव्ह २.३ पासून २६.१ मेगाहर्ट्झपर्यंत सलग हवी, मध्ये तुटलेली नको. बँडविड्थ कमी-जास्त करण्याची सोय असेल तर शेजारचे केंद्र दूर सारता येते. मध्यम लहरीची पायरी ९ किलोहर्ट्झची करता यायला हवी. हे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडची केंद्रे ९ च्या पाढ्यात बसतात. बाहेरून आलेला सेट १० च्या पायरीवर असेल तर १२५१ च्या जागी १२५० येते आणि सांगली नीट लागत नाही. पुस्तिकेत ही सेटिंग कशी बदलायची ते दिलेले असते.

हौशी हॅम मंडळींचे बोलणे ऐकायचे असेल तरच एसएसबी ही सोय घ्या. ते ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात आणि साध्या रेडिओवर बदक बोलल्यासारखे ऐकू येतात. पूर-भूकंपात निरोप पोचवणारे हेच लोक, म्हणून तरुणांनी ते जरूर ऐकावे. फक्त बातम्या ऐकणाऱ्याला या सोयीची गरज नाही.

सेल कोणता लागतो हेही विचारा. टेकसनचा पीएल-३८० तीन पेन्सिल सेलवर चालतो, त्यात एसएसबी नाही. पीएल-३३० आकाराने लहान, एसएसबीसह, पण त्याला जुन्या नोकिया फोनसारखी चपटी बीएल-५सी बॅटरी लागते. एक्सएचडेटाच्या डी-८०८ ला १८६५० नावाची जाड बॅटरी लागते. गावाकडे पेन्सिल सेल किराणा दुकानात मिळतो, बाकीच्या शहरातून आणाव्या लागतात. ज्येष्ठांसाठी घेत असाल तर पेन्सिल सेल, मोठी बटणे आणि मोठा स्पीकर एवढेच पाहा. केंद्रे मेमरीत भरून द्या आणि कोणत्या बटणावर काय, ते जाड अक्षरांत लिहून मागे चिकटवा.

दुकानात दुपारी बाराला, सिमेंटच्या स्लॅबखाली रेडिओ तपासून काही कळत नाही. घरी आणून अंधार पडल्यावर खिडकीपाशी लावा, आणि जोरकस केंद्रापेक्षा एखादे क्षीण केंद्र किती समजते ते पाहा. पसंत पडला नाही तर परत घेण्याची मुदत आधीच विचारून ठेवा.

वापराबद्दल थोडे. आजच्या घरात रेडिओचा सर्वांत मोठा शत्रू खरखर, आणि ती घरातच जन्मते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि या दिवसांत आपल्या बाप्पांपुढच्या लाइटच्या माळा. परीक्षा सोपी आहे : रेडिओ सेलवर लावा आणि घरातला मेन स्विच दोन मिनिटे बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. एकेक उपकरण चालू करत तो शोधा. रेडिओला चार्जर लावून ऐकू नका.

शॉर्टवेव्हला वर ओढायची काडी लागते. मध्यम लहरीला तिचा उपयोग नाही, कारण तिचा अँटेना आतल्या फेराइट कांडीवर असतो. तिथे रेडिओच फिरवायचा, एका दिशेला आवाज भरतो आणि दुसरीकडे बुडतो. शॉर्टवेव्ह क्षीण असेल तर पाच-सात मीटर प्लॅस्टिकच्या आवरणाची वायर खिडकीबाहेर सोडून चिमट्याने काडीला लावा. विजेच्या तारांच्या जवळपासही ती जाऊ देऊ नका. ऐकून झाले की काढून ठेवा, आणि वळवाच्या दिवसांत ढग दिसले की तिला हातही लावू नका.

परदेशी केंद्रांच्या वेळा वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. केंद्र हरवले तर आधी ही तारीख आठवा. वेळापत्रकात जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. महिनाभर रेडिओ लावायचा नसेल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरले की सेटचे पोटच खातात. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. आणि माळ्यावरचा जुना मर्फी, बुश किंवा फिलिप्स खाली काढलात तर आतले रंगीत पेचांचे डबे पेचकसाने फिरवू नका. बहुतेक वेळा पट्टा बदलणाऱ्या स्विचची धूळ किंवा काट्याची तुटलेली दोरी एवढाच आजार असतो. तो आमच्याकडे आणा, रविवारी नऊ ते बारा, मोबदला एक कप चहा.

ते आजोबा आता रात्री पुणे ऐकतात आणि सकाळी सांगली. मधल्या वेळात काटा फिरवून कुठली तरी अनोळखी भाषा लावतात आणि ती कोणत्या देशाची असावी यावर नातवाशी फोनवर पैज घेतात. परवाच ती जिंकल्याचे सांगायला आले होते.

 सभागृहाबाहेर टेबलावर चार सेट मांडले आहेत. आरतीला अवकाश आहे तोवर हाताळून पाहा. फक्त त्या वेळेपुरत्या मंडपातल्या माळा बंद ठेवाव्यात, एवढी कार्यवाहांना विनंती.

गणपती बाप्पा मोरया!