जन्मकाळचे वजन आणि मातेची परिस्थिती
(व्याख्यान)



बालक शाळेत येते तेव्हा त्याची जन्मतारीख पटावर नोंदली जाते. जन्मकाळी त्याचे वजन किती होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः त्याच्या प्रकृतीचा पाया तेव्हाच घातला गेलेला असतो. जन्मतः अडीच किलोहून कमी भरणारे मूल कमी वजनाचे समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद असलेल्या अर्भकांपैकी शंभरांत सुमारे अठरा अशी आढळली.

काही अर्भके दिवस भरण्यापूर्वी जन्मतात. काहींची वाढ गर्भातच खुंटते. मातेचे अपुरे वय, पंडुरोग, लागोपाठची बाळंतपणे, मिश्री व तंबाखू ही त्याची प्रमुख कारणे होत. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ साली गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या व फळे वरचेवर असत, त्यांची बालके अधिक वजनाची, आणि ज्यांना शेतातील व घरातील कष्ट फार पडत, त्यांची बालके लहान चणीची, असे त्यात दिसून आले. यात मातेचा दोष तो कोणता? पाण्याचा हंडा तिच्याच डोक्यावर आणि पंक्तीत शेवटचे पानही तिचेच! त्यात ‘मूल मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल’ या समजुतीने तिचा घास आणखी तोडला जातो.

गर्भारपणातील नऊ महिन्यांची काळजी आवश्यकच आहे. पण ती पुरेशी नाही. मातेची उंची व शरीराची ठेवण तिच्या बालपणीच ठरू लागते. म्हणजे सातवीच्या वर्गात आज बसलेली मुलगी हीच उद्याच्या अर्भकाच्या वजनाची पहिली नोंद होय.

येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. आठवड्याची लोहाची गोळी मुलीने जेवणानंतर आपल्यासमोर घेतली की नाही, हे त्याने पाहावे. दुपारच्या भोजनात मुलींच्या ताटात भाजी पुरेशी पडते ना, इकडे लक्ष द्यावे. पालकसभेत सासूसासऱ्यांनाही बोलवावे. अंगणवाडी सेविकेस व आशाताईस बोलण्याची संधी द्यावी. आणि एखादी मुलगी दीर्घकाळ गैरहजर राहिली, तर तिचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी तिच्या घरी एकदा जावे. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह कायद्याने निषिद्ध आहे, हे तेथे नम्रपणे परंतु स्पष्ट सांगावे.

ती मुलगी आणखी चार वर्षे शाळेत टिकली, तर त्या भेटीचे फळ पुढील पिढीच्या तराजूत दिसेल.