मुळशीचें पाणी आणि आकाशांतली वाट

मुळशीच्या धरणाचें पाणी मूळचें पूर्वेकडे वाहणारें. टाटांच्या कंपनीनें तें मुळा व निळा या नद्यांच्या खोऱ्यांत अडविलें, बोगद्यानें पश्चिमेस वळविलें आणि घाटाखालीं भिऱ्यास त्यापासून वीज निर्माण केली. १९२७ पासून ती मुंबईस मिळूं लागली. आगगाड्याहि त्याच सुमारास विजेवर धांवूं लागल्या: मुंबईंतील पहिली १९२५ सालीं, पुणें-मुंबई मार्गावरील 'डेक्कन क्वीन' १९३० सालीं. १९३२ सालीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाचें विमान जुहूस आणून उतरविलें. एकाच पिढीनें हे दोन नवे मार्ग पाहिले. त्यांतील कोणता पृथ्वीस अधिक जड, हा प्रश्न तेव्हां कोणास पडला नाहीं. आज तो टाळतां येत नाहीं.

ब्रिटिश सरकारच्या २०२२ सालच्या सरासरीप्रमाणें देशांतर्गत विमानाचा उतारू दर किलोमीटरमागें सुमारें २४६ ग्रॅम कर्बाम्लवायूइतका भार हवेवर टाकतो. पेट्रोलच्या मोटारींत एकटाच बसलेला मनुष्य सुमारें १७०, तर आगगाडीचा उतारू अवघा ३५. कारण उघड आहे. विमानास स्वतःचें वजन व तेल घेऊन वर चढावें लागतें. थोड्या अंतराच्या प्रवासांत या चढाचाच खर्च मोठा. शिवाय उंचावरील थंड हवेंत त्यामागें उठणारे पांढरे पट्टे पृथ्वीची उष्णता अडवितात. वरील आंकड्यांत या परिणामाचाहि अंदाज धरलेला आहे.

तथापि आगगाडीहि सर्वस्वीं निर्दोष नव्हे. भारतांतील बहुतेक वीज आजहि कोळशाची आहे. त्या विजेवरहि गाडी विमानाहून हलकीच, हें खरें. पण पाण्याच्या विजेचीहि किंमत असते. ती मुळशीच्या मावळ्यांनीं दिली. १९२१ सालीं सेनापति बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं सत्याग्रह केला. तरीहि भाताचीं खाचरें आणि राहतीं गांवें पाण्याखालीं गेलीं. वीज मुंबईची, बुडालेलें शेत मुळशीचें!

विमानाचा हिशेबहि याच वळणाचा आहे. उडतो एक, तापलेल्या ऋतूंचा आणि लहरी पावसाचा भार वाहतो दुसरा, ज्यानें विमानतळ कधीं पाहिलेलाहि नसतो. मुळशीच्या शेतकऱ्यास शेतावर चढणारें पाणी निदान दिसत होतें, आणि तें कोणी अडविलें हेंहि ठाऊक होतें. हवेंतील भार कोणाच्या नांवावर मांडावयाचा?

समुद्रापलीकडे जाण्यास किंवा जिवावरच्या प्रसंगीं विमान हवेंच. परंतु पुण्याहून नागपुरास जाणाऱ्यास रात्रीची आगगाडी पुरते. भाडें देणारा एक आणि किंमत देणारा दुसरा, हें अंतर जितकें कमी होईल, तितका प्रवास न्याय्य ठरेल.