दावा कितीचा करावा?

बँकेविरुद्ध ग्राहक आयोगांत जावयाचें ठरलें कीं पहिला प्रश्न उभा राहतो: मागावें किती?

समजा, नाशकांतील एका गृहस्थांस एटीएममधून नोटा मिळाल्या नाहींत, पण खात्यांतून १०,००० रुपये वजा झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणें ही रक्कम पांच दिवसांत आपोआप परत जमा झाली पाहिजे. पुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई. रक्कम पंचेचाळिसाव्या दिवशीं आली, तर ४,००० रुपये झाले. हा आंकडा खातेउताऱ्यावरूनच सिद्ध होतो.

अडचण मनस्तापाच्या रकमेची. आयोगाचें शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरतें, मागणीवर नव्हे. ५ लाखांपर्यंत तें मुळींच नाहीं. म्हणून ‘लाख लिहा, फुकटच आहे!’ म्हणणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. परंतु भरपाईचा झालेल्या हानीशीं संबंध असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं बलबीर सिंग प्रकरणांत सांगितलें आहे. आणि लाखाच्या मागणीनें चार हजारांचा पक्का हिशेबही संशयास्पद दिसूं लागतो. मनस्ताप निराळा मांडावा. किती खेपा घातल्या, किती पत्रें धाडलीं, कोणतें देणें अडलें, हें तारखांसह लिहावें. परत मिळालेलें मुद्दल पुन्हां मागूं नये. तक्रारीस मुदत दोन वर्षांची आहे.